हे धन कोणाचे?

२०२५ च्या दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझा धाकटा चुलतभाऊ घरी आला. नागपूर-अमरावती हमरस्त्याला लागून त्याचे भांड्यांचे दुकान आहे. ह्या रस्त्याने जाणाऱ्या वाचकांनी ते कदाचित पाहिलेही असेल. बाहेर स्टीलच्या घागरी एकीवर एक रचलेल्या असतात, आणि दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे बघवत नाही. चहा येईपर्यंत तो गप्प बसला आणि मग खिशातून मोबाइल काढून म्हणाला,

"भाऊ, फ्लेक्स छापायले द्यायचा हाय. फोटो कोनाचा टाकू?"

"कसला फ्लेक्स?"

"धनतेरसचा. छापनारा म्हनते, लक्ष्मी टाका, कुबेर टाका, नाहीतर तो वैद्याचा देव टाका, पैसे तेवढेच लागतीन. मी म्हटलं, आपल्या घरात मराठीचे मास्तर हायेत. त्यायले विचारून येतो."

मराठीचा प्राध्यापक हा प्राणी मोठा विचित्र असतो. त्याला कोणी काही विचारीत नाही. वर्षानुवर्षे तो विद्यार्थ्यांना न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत असतो. त्यामुळे कोणी आपण होऊन शब्दाचा अर्थ विचारावयास आले की त्याचे काय होत असेल, ते वाचकांनीच ओळखावे. मी खुर्ची पुढे ओढली. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भावजी, पोहे टाकते. तुम्ही लवकर सुटत नाही आता."

धनत्रयोदशीतले हे 'धन' कोणाचे, ह्यावर आमच्या गावात फार जुना वाद आहे. २००५ च्या दिवाळीत तो ऐन रंगात आला होता. मी नुकताच एम.ए. होऊन गावी परतलो होतो, आणि डोक्यात पाणिनी, खिशात काही नाही, अशा अवस्थेत संध्याकाळी वैद्यबुवांच्या ओट्यावर जाऊन बसत असे. तेथे कापडवाले शेठजी येत, किराणावाले येत, शेतावरून परतताना माझे काका येत. काका ओट्याच्या कडेला, पायरीशी बसत. चपला पायांतून काढीत नसत. घरी जाऊन बैलांना चारापाणी करावयाचे असे.

वैद्यबुवांचे मत ठाम होते. "धन म्हणजे पैसा, हा अर्थ दुकानदारांनी केला. मूळ शब्द धन्वंतरित्रयोदशी! समुद्रमंथनातून अमृताचा कलश घेऊन धन्वंतरी वर आला तो ह्या दिवशी. तुम्ही लोकांनी देवाची मुंडी तेवढी ठेवली आणि धड कापून टाकले."

किराणावाले हसून म्हणत, "बुवा, मुंडी ठेवली हेच नशीब समजा." त्यांच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. त्या दिवशी वर्षाच्या नव्या वह्या विकत घ्यावयाच्या, तिजोरी पुसावयाची, नाणी धुऊन पाटावर मांडावयाची. धनाची पूजा ती धनत्रयोदशी. ह्यात वैद्याचा संबंध कोठे येतो? कापडवाले शेठजी जैन. ते मृदू आवाजात तिसरीच वाट दाखवीत. भगवान महावीरांचे निर्वाण पावापुरीस अमावास्येला झाले; त्याआधी त्रयोदशीला ते अखेरच्या ध्यानात गेले. म्हणून ती तिथी धन्य झाली. शब्द 'धन्यतेरस', पुढे लोकांनी त्यातला 'य' गिळला.

मी तेव्हा तरुण होतो. तरुणपणी माणसाला वाटते की कोश उघडला की भांडण मिटते.

मी बुवांना सांगितले की संस्कृतात नावे आखूड करण्याची रीत आहे, पण तिला काही नियम आहे. देवदत्ताला नुसते 'दत्त' म्हणता येते, 'देव'ही म्हणता येते. सत्यभामेची 'भामा' होते, 'सत्या'ही होते. समासातले एक पद गळते आणि दुसरे उरते. पण 'धन्वंतरी'त 'धन' असे पदच नाही. जुन्या टीकाकारांनी त्याची फोड 'धनु' अशी केली आहे. धनु म्हणजे शल्यशास्त्र, आणि त्याच्या अंतापर्यंत जो गेला तो धन्वंतरी. धनुष्यातून सुटलेल्या बाणाचे टोक अंगात रुतते ते शल्य, आणि ते काढण्याची विद्या ती शस्त्रक्रियेची विद्या. सुश्रुताला ही विद्या शिकविणारा काशीचा राजा दिवोदास, त्यालाही धन्वंतरी म्हणतात ते ह्यामुळेच. तेव्हा त्या नावात पैसा नाही, धनुष्य आहे. त्यातून 'धन' काढावयाचे तर शब्द मधोमध कापावा लागेल.

"मग लोक विठ्ठलाचा विठू करतात तो कोणत्या सूत्राने?" बुवांनी विचारले.

ह्याला मजजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

पण पुराणांत मात्र बुवांना पकडता येत होते. धन्वंतरी त्रयोदशीला आला आणि दोन दिवसांनी, अमावास्येला लक्ष्मी आली, अशी एक सुटसुटीत कथा आपण सगळे सांगतो. विष्णुपुराणात क्रम तसा आहे खरा: आधी धन्वंतरी, मग लक्ष्मी. पण भागवताचा आठवा स्कंध उघडावा तर लक्ष्मी आधी येते, विष्णूला वरते, मग वारुणी येते आणि शेवटी कलश घेऊन धन्वंतरी. महाभारताच्या आदिपर्वातही लक्ष्मीच आधी. म्हणजे त्या हिशेबाने लक्ष्मीपूजन होऊन गेल्यावर धनत्रयोदशी यावयास हवी! बुवा म्हणाले, "तुमचे भागवत तुम्हांला लखलाभ." ते विष्णुपुराणाचे झाले.

किराणावाल्यांची बाजूही मी फार सुखाने राहू दिली नाही. दिवाळीच्या दिवसांची आपली नावे पाहा. वसुबारस, पाडवा, भाऊबीज. द्वादशीची बारस झाली, प्रतिपदेचा पाडवा झाला, द्वितीयेची बीज झाली. पिढ्यान् पिढ्या मराठी माणसाच्या तोंडात घोळून हे शब्द नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत झाले आहेत. मग त्रयोदशी तेवढी अंगावरच्या सगळ्या जोडाक्षरांसकट उभी कशी? नरकचतुर्दशीही तशीच उभी आहे, पण तिला शास्त्राचा आधार आहे, पहाटेच्या अभ्यंगाचा विधी आहे. माझा तर्क असा की 'धनतेरस' हा शब्द उत्तरेकडून आणि गुजरातेतून व्यापाऱ्यांच्या पेठेबरोबर आपल्याकडे आला, आणि पंचांगाने त्याला संस्कृत धोतर नेसवून धनत्रयोदशी केले. आमच्या वर्धा-नागपूरकडे तर धोतर नेसविण्याचीही गरज पडली नाही. १९५६ पर्यंत आम्ही हिंदी मुलखाबरोबर एकाच प्रांतात नांदलो. आमच्याकडे म्हातारीकोतारीसुद्धा 'धनतेरस'च म्हणतात. हा तर्कच आहे. कोणी खोडून काढला तर मी भांडावयास येणार नाही.

आणि शेतकऱ्याचे धन निराळेच. 'वसु' म्हणजेही धन. त्या बारशीला आपण पूजतो मात्र गाय आणि वासरू. पाडव्याला विदर्भात गायगोधन असते. गोवारी बांधव गाई सजवून वाजतगाजत आणतात, आणि सारा गाव बघावयास लोटतो. म्हणजे आमची दिवाळी गाईच्या धनाने सुरू होते आणि गाईच्याच धनापाशी येते. मध्येच एक दिवस सराफाचे धन डोकावून जाते. माझ्या आईने ह्या सगळ्यावर आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता. ती त्या दिवशी वाटीत धणे आणि गूळ ठेवून नैवेद्य दाखवी. "धनाले धने," ती म्हणे. धणे संस्कृत 'धान्यक'वरून आले, त्यांचा धनाशी तसा संबंध नाही, हे मी तिला सांगून पाहिले. "मग खाऊ नको," ती म्हणाली.

तर त्या वर्षी मी धर्मशास्त्राचे ग्रंथ पाहून आलो होतो आणि ओट्यावर शेवटचा हुकमाचा पत्ता टाकावयाचा बेत होता. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू १६१२ सालचा. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा धर्मसिंधू अठराव्या शतकाच्या अखेरचा. आपली बहुतेक पंचांगे अजून ह्या दोघांच्या बोटाला धरून चालतात. ह्या त्रयोदशीला त्यांनी सांगितलेला विधी पाहावा तर तो सोन्याचा नाही आणि औषधाचाही नाही. तो यमाच्या दिव्याचा आहे. प्रदोषकाळी घराबाहेर यमासाठी दिवा लावावा, म्हणजे अपमृत्यू टळतो. अपमृत्यू म्हणजे अवेळी आलेले मरण. म्हातारा माणूस पिकल्या पानासारखा गळून पडला तर तो अपमृत्यू नव्हे. यमाला आपण 'येऊच नकोस' असे म्हणत नाही. 'वेळेवर ये' एवढेच म्हणतो.

महामहोपाध्याय काण्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दिवाळीची अंगे सांगताना धनाची पूजा सांगितली आहे, हे मला ठाऊक होते. पण ते मी त्या दिवशी सोयीस्करपणे विसरलो. वादात माणूस एवढे करतोच.

मग कथेचा समाचार घेतला. हेम राजाच्या मुलाला लग्नानंतर चौथ्या दिवशी साप चावून मरण होते. त्याच्या बायकोने त्या रात्री दाराशी आपल्या सगळ्या दागिन्यांचा ढीग घातला, दिवे लावले आणि नवऱ्याला झोपू दिले नाही. यम सापाच्या रूपाने आला तो त्या झगमगाटाने दिपला आणि परत गेला. राजाला कोणी हेम म्हणतात, कोणी हिम म्हणतात. एक सोने, दुसरे बर्फ. सराफाच्या दुकानात अर्थातच हेम. पण कथेत त्या मुलीने सोने विकत आणलेले नाही. होते नव्हते ते तिने अंगावरून उतरवून दारात टाकले आहे. आज आपण नेमके उलटे करतो.

शेवटी व्याकरण. 'धन' हा शब्द 'धा' ह्या धातूवरून आला. धा म्हणजे ठेवणे. ऋग्वेदात धन म्हणजे झुंजीत किंवा शर्यतीत जिंकावयाची वस्तू, मध्ये ठेवलेला पण. त्याच धातूवरून 'निधी', आणि त्याच धातूवरून 'निधन'. ठेवा आणि शेवट, दोन्ही एकाच ठिकाणचे. मी हे सांगितले आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिले. बुवा पानाला चुना लावीत होते. शेठजी म्हणाले, "फार छान." आणि पायरीवरून काका उठले. धोतराची धूळ झटकीत म्हणाले, "म्हंजे सोनं घ्या नाहीतर नका घेऊ, दिवा लावला पायजे, असंच न?" मी होय म्हटले. ते बैलांकडे गेले.

काकांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. त्यांची शेती कोरडवाहू, कापसाची. एका चांगल्या वर्षी त्यांनी धनतेरसला आर्वीला जाऊन काकूंना सोन्याची पोत करून आणली होती. मला तो दिवस आठवतो. पोत गुलाबी कागदात होती, आणि काकूंनी ती आधी देवापुढे, मग गाईपुढे, मग आमच्या आईपुढे नेली. पुढच्या मृगात ती सावकाराकडे गेली, कारण बियाणे घ्यावयाचे होते. कापूस निघाल्यावर परत आली. पुन्हा मृगात गेली. आमच्याकडे सोने घालण्यासाठी असते हा बायकांचा समज आहे. पुरुषांना ठाऊक असते की ते पेरण्यासाठी असते. तिसऱ्या वर्षी गेली ती आली नाही.

२००६ च्या १ जुलैला तेव्हाच्या पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नव्हत्या म्हणून. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, आणि आमचा वर्धा. त्या हंगामात काकांना पेरणी दोनदा करावी लागली. श्रावणात ते गेले. कसे, ते येथे लिहीत नाही.

सरकारी चौकशी झाली. अशा चौकशीत मृत्यूचे प्रकरण 'पात्र' ठरते किंवा 'अपात्र' ठरते. मी भाषेचा माणूस. पात्र म्हणजे लायक, पात्र म्हणजे भांडे, नाटकातला माणूस म्हणजेही पात्र, नदीचेही पात्र, हे सगळे अर्थ मी वर्गात हौसेने सांगत असे. माणूस आपल्या मरणालाही पात्र असावा लागतो, हा अर्थ मला कोणत्या कोशात सापडला नव्हता. काकांचे प्रकरण पात्र ठरले. लाख रुपयांतले तीस हजार हाती आले, सत्तर हजार बँकेत ठेव म्हणून राहिले. त्या तीस हजारांतून काकूंनी काही देणी फेडली आणि उरलेल्या पैशांत भांडी आणली. डोक्यावर टोपले घेऊन त्या आठवडी बाजारांतून बसू लागल्या.

पण ते पुढचे. त्या वर्षीच्या धनतेरसची संध्याकाळ मला सांगावयाची आहे. वर्षाच्या आत मृत्यू झालेल्या घरी दिवाळी नसते. काकूंच्या ओट्यावर अंधार होता. आमच्या आईने कणकेचे दोन दिवे केले, एक आमच्या दारात ठेवला, दुसरा ताटलीत घेतला आणि मला म्हणाली, "चल." मी गेलो. काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. दिवा पाहून म्हणाल्या, "ज्याच्यासाठी लावत होती तो त गेला. आता यमाले कायचा दिवा, बाई?"

आई म्हणाली, "पोरं हायेत न घरात."

चुलतभाऊ तेव्हा बारा वर्षांचा असेल. आईने त्याला तेलाची बाटली आणावयास सांगितली. त्याने ती आणली आणि दिव्यात तेल घालताना हात हलल्यामुळे ताटलीत सांडले. दिव्याचे तोंड दक्षिणेकडे करून आईने तो ओट्याच्या टोकाला ठेवला. त्या रात्री मला आदल्या वर्षीचे माझे व्याख्यान शब्दाशब्दानिशी आठवत होते. विशेषतः तो 'निधी' आणि 'निधन' असा टाळीचा मुद्दा. पायरीवर बसलेल्या माणसाने त्यातले काय ऐकले असेल, ह्याचा विचार मी अजून करतो.

असो. पोहे झाले होते. चुलतभाऊ पोहे खात होता आणि मी त्याला हे सगळे नव्याने सांगितले. काकांचे तेवढे सोडून. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "भाऊ, हे ब्लॅक फ्रायडे का असते? नोव्हेंबरात जाहिराती येतात. त्याचाबी एक फ्लेक्स लावू का?"

आई अलीकडे ऐकते कमी, पण ऐकू नये ते बरोबर ऐकते. "शुक्रवार काळा कसा होईन? तो देवीचा वार होय," ती म्हणाली.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभार मानण्याचा सण असतो. दुसऱ्या दिवसापासून नाताळची खरेदी सुरू होते. फिलाडेल्फिया शहरात १९५० नंतरच्या काळात त्या शुक्रवारी खरेदीवाल्यांची आणि शनिवारच्या लष्कर-नौदल फुटबॉल सामन्याला आलेल्यांची अशी काही झुंबड उडे की पोलिसांना रजा मिळत नसे. त्यांनी वैतागून त्या दिवसाला काळा शुक्रवार म्हणावयास सुरुवात केली. दुकानदारांना ते नाव झोंबले. १९६१ साली त्यांनी 'बिग फ्रायडे' असे गोंडस नाव चालवून पाहिले, चालले नाही. मग १९८० नंतर नवीच व्युत्पत्ती निघाली. वर्षभर तोट्यात, म्हणजे लाल शाईत असलेली वही त्या दिवशी नफ्यात, म्हणजे काळ्या शाईत येते, म्हणून काळा शुक्रवार! दुकानदारांचा मान राहिला, आणि आज जगभर बहुतेक लोक हीच व्युत्पत्ती सांगतात. त्या दिवशी गुलाम स्वस्तात विकीत म्हणून ते नाव पडले, अशीही एक कथा फिरते. तिला काही आधार नाही. आणि गंमत अशी की ह्या सगळ्याच्या आधी, १८६९ च्या २४ सप्टेंबरला, न्यूयॉर्कात एक काळा शुक्रवार होऊन गेला होता. दोघा सट्टेवाल्यांनी सोन्याचा बाजार मुठीत धरावयाचा घाट घातला आणि भाव कोसळून हजारो माणसे बुडाली. तो शुक्रवार सोन्याचाच होता. पण त्याचा ह्या खरेदीशी संबंध नाही.

"म्हंजे तिकडंबी दुकानदारच जिंकला," चुलतभाऊ समाधानाने म्हणाला. हे मला दोन परिच्छेदांत सांगावयाचे होते.

नावाला कोण जाऊन चिकटेल, ह्याचा आम्हा तळेगावकरांना अनुभव आहे. महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ. एक दाभाड्यांचे, एक ढमढेऱ्यांचे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर. आमचे श्यामजी पंतांचे, आणि तेही कंसात. कंसातले दोन शब्द लिहावयाचे राहिले तर पत्र पुणे जिल्ह्याची यात्रा करून येते. तळे कोणी खणले आणि गाव कोणी वसविले हे नावातून कळत नाही. कंस मात्र ज्याचा त्याचा राहतो. धनत्रयोदशीच्या कंसातही आजवर अनेकजण बसून पाहिले.

वैद्यबुवांचाही एक विजय ह्यात होऊन गेला. २०१६ साली केंद्र सरकारने धन्वंतरी जयंतीला, म्हणजे ह्याच त्रयोदशीला, राष्ट्रीय आयुर्वेद दिन ठरविला. बुवा त्या दिवशी वर्तमानपत्राचे कात्रण हातात घेऊन सगळ्या पेठेतून फिरले. किराणावाल्यांच्या दुकानापुढे तर दोनदा. नऊ वर्षे हा विजय टिकला. तिथी दरवर्षी हलते, कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते तर कधी नोव्हेंबरात, म्हणून २०२५ पासून आयुर्वेद दिन २३ सप्टेंबरला कायमचा नेऊन ठेवण्यात आला. मी बुवांना भेटावयास गेलो तेव्हा ते खाटेवर पडून होते. वय आता फार झाले आहे. म्हणाले, "चला, त्रयोदशी दुकानदारांना मोकळी झाली. धन्वंतरीला दुसरी खोली दिली सरकारने."

आणि दुकानदारांना तरी ती कितपत मोकळी राहिली, कोण जाणे. आमची आजी सांगे की १९६३ साली सरकारने सुवर्णनियंत्रण आणले, चौदा कॅरेटवरचे दागिने घडविण्यास बंदी केली, तेव्हा गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या, आणि लोकांनी धनतेरसला सोन्याऐवजी तांब्याचा गडवा घेऊन समाधान मानले. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. २०२५ साली सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेला, आणि कायद्याने जे केले तेच भावाने करून दाखविले. पुन्हा सारे गडव्यावर आले आहेत. चुलतभावाची त्याला हरकत नाही.

"ते सगळं बरोबर हाय भाऊ," तो म्हणाला, "पन फोटो कोनाचा टाकू?"

सौ. दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "दोन तास झाले. अजून फोटो ठरला नाही का?"

मी म्हणालो, फोटो कोणाचाही टाक. पण शब्द तरी नीट 'धनत्रयोदशी' असा टाक. त्याने बोटांनी मोजून पाहिले. "भाऊ, गिऱ्हाईक गाडीवरून जाते. एवढं वाचेलोक पुढच्या दुकानापाशी पोचते न." विठ्ठलाचा विठू कोणत्या सूत्राने होतो, हे मला वीस वर्षांनी कळले. बुवांना जाऊन सांगितले पाहिजे.

१८ ऑक्टोबरला, शनिवारी धनतेरस होती. संध्याकाळी मी दुकानावर गेलो. फ्लेक्सवर लक्ष्मी होती, कुबेर होता, आणि कोपऱ्यात कलश घेतलेला धन्वंतरीही होता; छापणाऱ्याने तिन्ही त्याच पैशांत बसविले होते. गर्दी चांगली होती. काकू गल्ल्याशी बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात काळे मणी नाहीत, सोनेही नाही. दुकानाचे तोंड उत्तरेला, रस्त्याकडे आहे. दिवेलागण झाली तशा त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, फळीखालचा झाकलेला कणकेचा दिवा घेतला आणि मागच्या दाराकडे चालू लागल्या. पुढे एवढी रोषणाई असताना मागे कशाला जाता, असे एका गिऱ्हाइकाने विचारले.

"दक्षिण मागं हाय," काकू म्हणाल्या.

मागच्या दारापलीकडे कापसाचे वावर आहे. पहिली वेचणी झाली होती. काकूंनी दिवा बांधाजवळच्या दगडावर ठेवला आणि आत वळून मुलाला हाक मारली. तो घागर ठोकून दाखवीत होता. गिऱ्हाइकाला "आलोच" म्हणून तेलाची बाटली घेऊन तो मागे गेला.